बाभळीवरचा कापूस

माझ्या जन्माच्या वेळी कोणी नवस बोललं नव्हतं. मी आपोआप जगले. शेताच्या धुऱ्यावर तरोटा उगवतो, त्याला कोणी पाणी घालत नाही, खत देत नाही, तरी पाऊस पडला की तो कंबरेएवढा होऊन बसतो, तशी मी. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पण लहानपणी मला याचा राग यायचा, आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. तो अजूनही तिथंच आहे, असं माझ्या सुना म्हणतात. मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणतात.

माझ्यामागं दोन भावंडं झाली आणि दोन्ही पाळण्यातच गेली. त्यांच्या पाठीवर धाकटा झाला तेव्हा मात्र मायनं अमरावतीच्या अंबादेवीपुढं पदर पसरला. पोराचं जावळ तुझ्या पायाशी काढीन, तोवर तुझ्या नावाचा दिवा घरात विझू देणार नाही, आणि त्यात वात घालीन ती आमच्याच शेतातल्या सीतेच्या कापसाची, असा तो नवस होता. शेवटची अट घालायची काही गरज नव्हती. देवीनं मागितली नव्हती. पण मायला वाटायचं, सोपा नवस देवीच्या लक्षात राहत नाही.

आमचं गाव अमरावतीहून वलगावकडं जाणाऱ्या वाटेच्या जरा आत होतं. काळी जमीन, पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिकडं कापूस वेचायला लागण्याआधी सीतादही करायची रीत आहे. पहिल्या वेचणीच्या सकाळी घरची बाई शेतात जाते, धुऱ्याजवळ दगड मांडून सीतामाईची पूजा करते आणि पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, दहीभात शिंपडते. दह्यासारखा पांढरा कापूस येऊ दे म्हणायचं, आणि मग आपल्या हातानं पहिली ओंजळ वेचायची. इतरांच्या घरी ती ओंजळ पुढं बाकीच्या कापसात मिसळून जाई. माय मात्र ती सीतेचा कापूस म्हणून वेगळी ठेवायची, आणि नवस बोलल्यापासून तर एका ओंजळीवर थांबायचीच नाही. तिचा ओटा भरेपर्यंत बाकीच्या वेचणाऱ्या बाया उन्हात ताटकळत उभ्या राहायच्या.

त्या कापसातली सरकी काढून माय तो एका लाल खोळीत भरून ठेवी. दिसायला ती साधी उशी. रोज दिवेलागणीला त्यातून चिमूटभर कापूस काढायचा, दुधाचं बोट लावून करंगळीएवढी जाड वात वळायची, जुन्या ज्योतीवर ती पेटवायची आणि मगच जुनी वात बाजूला काढायची. ज्योत तीच, वात नवी. चार वाती एकदम वळून ठेवाव्यात असं मी तिला कितीदा सुचवलं. ती म्हणायची, "उद्याची वात आजच वळली, तं देवी म्हणन, हिले उद्याची लय खात्री हाय." मला तेव्हा हे अडाणीपणाचं वाटायचं. आता माझं वय तिच्याहून जास्त झालं आहे, आणि मीही वात एकच वळते.

बाचं देवाशी वेगळंच चालायचं. तो देवाला मानत नव्हता असं नाही, पण दोघांचं पटत नसे. पाऊस लांबला की तो अंगणात उभा राहून आभाळाकडं तोंड करून जे बोले, ते ऐकून माय कानांवर हात ठेवी आणि लगेच देव्हाऱ्यापुढं जाऊन त्याच्या वतीनं माफी मागे. पाऊस आला की माय म्हणे, माझ्या माफीनं आला. बा म्हणे, माझ्या शिव्यांनी आला. आमच्या घरात पावसाचं श्रेय घ्यायला नेहमी दोघं तयार असत.

अशात कापसाला भाव आला. सातासमुद्रापलीकडं कुठंशी लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईना, हे कारण आम्हाला पुष्कळ पुढं कळलं. तेव्हा ज्याचं त्याचं कारण वेगळं होतं. बाचा धाकटा भाऊ, आमचा काका, म्हणे की इंग्रजाच्या देशात एकाएकी लय लेकरं झाली आणि त्यांच्या लंगोट्यांना कापूस पुरेना. माय म्हणे, सीतामाईची कृपा. आणि बा म्हणे, "घेनाऱ्याचं डोकं फिरलं हाय. ते जाग्यावर येईस्तोवर इकून घ्या."

डोकं घेणाऱ्यांचं फिरलं होतं की विकणाऱ्यांचं, ते सांगणं कठीण. गावातल्या एकानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, आणि मग त्या चोरीला जाऊ नयेत म्हणून स्वतः गोठ्यात बैलांजवळ खाट टाकून झोपू लागला. आमच्या काकानं अमरावतीहून भिंतीवरचं घड्याळ आणलं. ते वाचता गावात कोणालाच येत नव्हतं, काकालाही नाही. पण ते टोले द्यायला लागलं की तो मान डोलवायचा, जणू त्यालाच विचारून ते वाजतंय. पुढं ते बंद पडलं. काका म्हणाला, काटे नेमके जेवणाच्या वेळेवर थांबलेत, आणि ते त्याला फार सोयीचं झालं.

बानं काय घेतलं? एक रेशीमकाठी पागोटं. एवढंच. पण ते डोक्याला बांधून तो बाजाराला निघाला की माय दाराआडून बघत राहायची, आणि मी तिच्याकडं बघत राहायचे. बा फार देखणा होता. हे मला आज सांगताना कळतंय असं नाही. तेव्हाही कळत होतं.

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे त्या दिवसाकडं येते. फाल्गुनाचे दिवस होते. वेचणी संपली होती, घरातला कापूस बोंडाबोंडानं विकून झाला होता, आणि माय-बा दोघंही वाळलेल्या पऱ्हाट्या उपटायला शेतात गेले होते. भाव तर अजून चढतच होता. विकायला काही उरलं नाही, या दुःखानं काका सकाळपासून ओसरीवर बसून होता. मी धाकट्याला ताक-भाकर भरवत होते. एकाएकी काका उठला आणि त्यानं ज्या गादीवर तो बसला होता तिच्याकडं असं पाहिलं, की जणू ती त्याला आजच दिसली.

"पोट्टे, गादीत काय असते वो?"

"रुई."

"मंग? आपून दौलतीवर लोळून राहिलो आन् मले समजलंच नाही!"

पुढं जे झालं ते मी कधी विसरायची नाही. काकानं घरातल्या सगळ्या गाद्या, लोड, उशा, रजया अंगणात आणून उसवल्या. रुईचे ढग उठले. काकाच्या मिशा पांढऱ्या झाल्या, भुवया पांढऱ्या झाल्या, शेजारचं कुत्रं आत डोकावलं आणि शिंकत परत गेलं. धाकटा त्या ढिगात उड्या मारत होता. तोंडात, नाकात, डोळ्यांत रुई घेऊन तो असा किंचाळत बाहेर पळाला, की मी त्याच्यामागं धावले. त्याला पकडून विहिरीवर नेलं आणि चांगला घासून धुतला. नवसाचं पोर धुवायला फार वेळ लागतो. चारचौघी येऊन त्याचे गाल ओढतात. आम्ही परत आलो तेव्हा अंगण झाडून लख्ख होतं आणि काका गाडी जुंपून अमरावतीला गेलासुद्धा होता.

दिवेलागण व्हायला आली तशी माय-बा शेतातून आले, आणि पाठोपाठ काकाही आला, जिलबीचा पुडा घेऊन, गाणं गुणगुणत. मायनं हातपाय धुतले आणि वात वळायला देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात हात घातला. मग तिनं कोनाडा सगळा चाचपला. मग बाजूचा चाचपला.

"माही लाल उशी कुठी हाय?"

काकानं जिलबी तोंडात घातलेली होती. ती त्यानं गिळलीही नाही आणि काढलीही नाही.

"वयनी," तो तसाच बोलला, "मले वाटलं, जुनी उशी हाय."

माय दिव्यासमोर जाऊन बसली आणि कालची वात काडीनं थोडी आत ओढून तिनं ज्योत मुगाच्या दाण्याएवढी केली. वात अर्ध्या बोटाएवढीच उरली होती. तिच्या मांडीवर धाकटा जिलबीनं चिकट झालेले हात घेऊन लोळत होता. त्याला काय झालं होतं? काही नाही. गोल गरगरीत पोर. पण माय एकदा ज्योतीकडं बघे आणि एकदा त्याच्याकडं, आणि तिच्या मनात काय चाललंय ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्या घरातून दोन पाळणे रिकामे झाले होते. तिच्या लेखी तिसरा पाळणा त्या ज्योतीला टांगलेला होता.

काका घाबरून गेला. ताट घेऊन तो गावभर कापूस मागत फिरला आणि थोड्या वेळात पडलेल्या तोंडानं परत आला. कापसाचं गाव, चहूकडं कापसाची काळी रानं, आणि एकाही घरात वातीपुरता कापूस निघेना! काकाला सुचलेली युक्ती गेल्या आठवडाभरात सगळ्यांनाच सुचून गेली होती. कोणी गादीत कडबा भरला होता, कोणी लोडात भुसा. जो तो दुसऱ्याला सांगायला लाजत होता, एवढंच. एका म्हाताऱ्यानं तर कानातला अत्तराचा फाया काढून दिला होता. काकानं तो ताटात मधोमध ठेवून आणला.

त्या फायाकडं पाहून मला हसू फुटलं. मायनं पाहिलं, पण ती रागावली नाही. ती म्हणाली, "भावजी, त्या बावाजीले माहा नमस्कार सांगा. पन मी बोलली होती ते आपल्या शेताच्या कापसाचं. दुसऱ्याचा चालत नाही."

"मंग मी बैल जोडतो. अमरावतीले जातो, ज्याले रुई इकली त्या शेठच्या कोठीतून उशी आनतो."

"उशी तं फाडून ओतली ना तुवा?" बा म्हणाला. "रुईच्या डोंगरातून तू आपली मूठ वळखशीन का?"

काका खाली बसला. मला वाटत होतं बा काकाला चांगला फैलावर घेईल, निदान आभाळाकडं बघून देवाला तरी चार शब्द सुनावेल. पण तो मायच्या मागं जाऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "वात कधीलोक पुरन?"

"सूर्य निघेलोक. लय झालं तं."

"बरं," बा म्हणाला, आणि उघड्या जमिनीवर घोंगडी टाकून आडवा झाला. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

पहाटे त्यानं मला हलवून उठवलं. झुंजुमुंजू झालं होतं. माय तशीच दिव्यापुढं बसलेली होती, हातात काडी, वात केसभर पुढं सरकवत. बानं पागोटं बांधलं होतं. एवढ्या सकाळी कोणत्या बाजाराला निघाला हा, असं माझ्या मनात आलं.

"चाल. तुहे हात बारीक हायेत."

आम्ही गावाबाहेर आलो आणि आमच्या शेताच्या पांदणीत शिरलो. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंनी बाभळीची दाटी असलेली गाडीवाट. ही वाट पुढं कुठं जात नव्हती. आमच्या शेतापाशी संपत होती. थोडं चालून बा थांबला आणि त्यानं मान वर केली. मीही केली.

साऱ्या बाभळी पांढऱ्या दिसत होत्या. कापसानं शिगोशीग भरलेली गाडी अरुंद पांदणीतून घासत जाते, आणि बाभळी दोन्ही बाजूंनी तिचे केस ओढावेत तसा कापूस ओढून घेतात. हे मी जन्मापासून पाहत आले होते. पाहिलं होतं, पण कधी मनात आणलं नव्हतं. काट्याकाट्याला बोंडाबोंडाएवढा कापूस लटकत होता, पहाटेच्या वाऱ्यात हलत होता.

"आपल्या गाडीबिगर इथून कोनाची गाडी जात नाही," बा म्हणाला. "हा सारा आपल्याच वावराचा. आतल्या अंगचा काढ, जो पिवळा पडला तो. तो पहिल्या गाडीचा असन."

आम्ही वेचायला लागलो. बा उंचावरचा काढी, मी फांद्यांत हात घालून आतला काढी. बाभळीचा काटा काय चीज आहे ते ज्याला बोचला त्यानं सांगावं. माझे हात खरचटले, पण बाचे तर कोपरापर्यंत रक्ताळले, कारण एक फांदी मला लागू नये म्हणून तो ती आपल्या अंगाशी ओढून धरत होता. रेशीमकाठी पागोटं एका काट्यात अडकलं आणि टर्रकन फाटलं. त्यानं ते डोक्यावरून काढलं, त्याची झोळी केली आणि कापूस त्यात टाकायला लागला. ज्या पागोट्यासाठी माय दाराआडून बघायची, ते पागोटं!

तेव्हा मला काय वाटलं कोण जाणे, पण कधीचं मनात साचलेलं मी विचारून टाकलं.

"बा, मी झाली तवा माह्यासाठी कोनता दिवा लावला होता?"

बानं वर पाहिलं नाही. काट्यातून एक बोंड सोडवलं, झोळीत टाकलं.

"तुह्यासाठी?" तो म्हणाला. "तू झाली तवा पाऊस लय होता. चकमक भिजली होती."

मी हसले. बा तसाच होता, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देईल तर शपथ. पण हसता हसता मला थोडं रडूही आलं, आणि मी ते काट्याच्या नावावर खपवलं.

आम्ही घरी आलो तेव्हा पूर्वेला तांबडं फुटलं होतं. ज्योत निळसर झाली होती आणि वातीचं टोक तेलात बुडायच्या बेतात होतं. बानं दारातच बसून बोटांनी सरकी काढली, कापूस पिंजला आणि मायपुढं धरला. मायनं तो घेतला नाही. तिनं विचारलं, "सीतेचा हाय?"

हा प्रश्न तिनं का विचारला ते मला कळत होतं. खोट्या कापसावर दिवा राखण्यापेक्षा तो विझलेला तिला चालला असता. देवीशी लबाडी तिच्याच्यानं झाली नसती, आणि आमच्या घरात तिच्याशी लबाडी कोणाच्यानंच होत नसे.

बा म्हणाला, "तुवा वेचलेला नाही. पन पहिल्या गाडीचा हाय, आपल्या वावराचा हाय. त्याच्यावर तुह्या देवीचं समाधान नसन होत, तं तिले म्हनावं, मले येऊन भेट."

मायनं त्याच्या हातांकडं पाहिलं. मग त्या फाटक्या पागोट्याकडं. मग तिनं कापूस घेतला, दुधाचं बोट लावलं आणि वात वळली. नवी वात जुन्या ज्योतीला टेकवली. क्षणभर दोन्ही काळवंडल्या, काकानं डोळे मिटून घेतले, आणि मग नवी वात पेटली, चांगली ठसठशीत पेटली.

"सीतामाईनं राखून ठेवला होता," माय म्हणाली.

"सीतामाईनं नाही, बाभळीनं," बा म्हणाला. "काटे मले टोचले, सीतामाईले नाही."

आणि माय हसली. आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा. हसता हसता तिनं त्याच्या हातांना तेल लावायला घेतलं, तेही त्या दिव्यातलंच. देवीच्या दिव्यातलं तेल काढून तिनं दुसऱ्या कोणाला लावलेलं मी ना आधी पाहिलं, ना नंतर.

पुढं ती दूरची लढाई संपली आणि भाव जसा चढला होता तसाच उतरला. गाव पुष्कळ दिवस कडब्यावर झोपलं. चांदीच्या शेंब्या निघाल्या, बैलांना हलकं वाटलं. काकाचं घड्याळ मात्र राहिलं. मग बडनेऱ्याला आगगाडी आली, आणि काका आम्हा सगळ्यांना ती पाहायला घेऊन गेला. त्यानं इंजिनासमोर नारळ फोडला. माय लांबूनच हळदकुंकू वाहून उभी राहिली आणि इंजिनाच्या पोटातल्या आगीकडं बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं बाला विचारलं, "अवो, येवढी आग कोन राखते? रातदिवस?" तिथं कोळशानं काळा झालेला एक माणूस फावडं घेऊन उभा होता. बानं तो दाखवला. मायनं त्याला हात जोडले. इतक्या गर्दीत त्या माणसाला हात जोडणारी ती एकटीच असावी.

धाकट्याचं जावळ काढायची वेळ आली तशी आम्ही अमरावतीला गेलो. अंबादेवीच्या पायाशी त्याचे केस उतरले, तो गाव डोक्यावर घेईल असा रडला, आणि नवस फिटला. घरी परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मायनं देवाला नमस्कार केला आणि म्हणाली, "झालं. आता निजू द्या त्या दिव्याले." दिव्यात वात थोडीच होती. ती आपोआप संपणार होती, आणि आम्ही सगळे गोलाकार बसून त्या ज्योतीचा निरोप घेत होतो. खरं सांगते, मला वाईट वाटत होतं. दिवा माझा नव्हता, तरी त्याच्या उजेडात मी मोठी झाले होते.

बा उठला. कमरेच्या कनवटीतून त्यानं एक वात काढली. काय वात होती ती! दोरखंडासारखी, एका टोकाला जाड, एका टोकाला बारीक, मधे सरकीसुद्धा राहिलेली. त्यानं स्वतः वळली होती, उघड दिसत होतं. ती त्यानं ज्योतीला लावली.

काका म्हणाला, "दादा, पोराचा नवस तं फिटला ना? हा कोनाचा?"

बानं माझ्याकडं पाहिलंही नाही. तो म्हणाला, "चकमक वाळली आता."

काकाला काही कळलं नाही. मायला कळलं असावं, कारण ती पदरानं तोंड पुसायला लागली. मला तर असं कळलं, की मी उठून गोठ्यात गेले आणि गाईच्या गळ्यात पडून पोटभर रडले. त्या माणसानं त्या पहाटेचा माझा प्रश्न इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि जिचा नवस मुळी कोणी बोललंच नव्हतं, तिचा दिवा लावला होता. त्या दिवसापासून दिवेलागणीची वात बाच वळू लागला.

त्यानंतर लवकरच माझं लग्न ठरलं, अकोल्याला. आमच्या गावची सासरी आगगाडीनं जाणारी पहिली मुलगी मी. गावातल्या बायांना मोठा पेच पडला, की पोरीनं रडायचं कुठं? वेशीवर, की बडनेऱ्याच्या ठेसनावर? गाडीनं शिट्टी मारली की रडणं ऐकू कोणाला जाईल? शेवटी दोन्हीकडं थोडं थोडं रडावं असं ठरलं. मीही ते मान्य केलं.

निघायच्या वेळी सगळे होते. माय होती, काका ढसाढसा रडत होता, धाकटा माझ्या पदराला लोंबकळत होता. बा कुठं दिसेना. हाका मारल्या, माणूस पाठवला, पण मुहूर्त थांबेना. बैलगाडी हलली. रडायचं ठरलेलं होतं, तरी मला रडू येईना. मला राग आला होता. आपल्या लेकीला निरोप द्यायला जो येत नाही तो कसला बा, असं घोकत मी गाडीत बसले होते.

पांदणीचं तोंड आलं. तिथं, पहिल्या बाभळीखाली, लग्नाचं नवं पागोटं झोळीसारखं हातात धरून, बा काट्यांतून कापूस काढत उभा होता. गाडी जवळ आली तरी त्यानं हात थांबवला नाही. कोपरापर्यंत ओरखडे उठले होते.

"बा!" मी ओरडले.

"जाय, जाय," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "मले बोलायले वेळ नाही. दिवेलागण होऊन राहिली."